अकरा महिने प्रशिक्षणार्थी होते, शिकवलं कुणी?

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मंगळवारी चिंचोळी एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेले होते, एचआर असिस्टंटच्या जागेसाठी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं सर्टिफिकेट पुढं केलं. तिथल्या मॅडमनी ते वाचलं, मग उलटं करून मागं काही लिहिलंय का बघितलं आणि विचारलं, अकरा महिन्यांत काय शिकलात? हजेरीचं मस्टर करता येतं? पीएफचं चलन? ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची नोंदणी? तिन्हीला नाही म्हणाले. पाच मिनिटांत बाहेर. येताना बसमध्ये रडले.

मी एमबीए आहे, एचआरमधूनच. 2024 ला योजना आली, पदवीधराला महिना 10,000, आधी सहा महिने, नंतर पाच महिने वाढवून दिले. सोलापुरातल्याच एका सरकारी कार्यालयात नेमणूक मिळाली. काम काय, तर झेरॉक्स, जावक रजिस्टर आणि एक्सेलमध्ये नावं भरणं. आस्थापना शाखा शेजारच्याच खोलीत होती, सेवापुस्तकं, रजेचे हिशोब, पगारबिलं सगळं तिथं, म्हणजे माझा विषयच तो. तिथं बसू द्या म्हणून तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, तुम्ही जाणार, तुम्हाला शिकवून आम्हाला काय फायदा? हे वाक्य डोक्यातून जात नाही साहेब, कारण योजनेच्या नावातच प्रशिक्षण आहे.

माझे वडील अक्कलकोट रोडला मागावर आहेत, तीस वर्षं झाली. ते नवीन होते तेव्हा जॉबरनं, म्हणजे मागावरच्या मुकादमानं, त्यांना पंधरा दिवस नुसती तुटलेली तार जोडायला लावली, मग कांडी बदलायला, मग एक माग दिला, पुढं दोन. रोज सुट्टी व्हायच्या आधी कापड हातात धरून कुठं चुकलं ते सांगायचा. कागद एकही नाही मिळाला पण काम आलं. आम्हाला कॉलेजात प्रशिक्षणाचा उपयोग झाला का ते तपासायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या शिकवल्या होत्या, माणसाला प्रशिक्षण कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं, संस्थेला काय मिळालं. 1959 पासून जग हे शिकतंय आणि मला अकरा महिन्यांत पहिल्या पायरीचा प्रश्न पण कुणी विचारला नाही. माझा जॉबर कोण होता तेच मला माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, पोरगं पाठवायच्या आधी कार्यालयानं लेखी द्यावं की याला अमुक चार कामं शिकवू, शिकवणाऱ्या माणसाचं नाव त्यात असावं आणि सर्टिफिकेटवर ती कामं लिहावीत, येतात का ते बघून. याला वेगळा पैसा लागत नाही.

पण करणार कोण? 2015 ला स्किल इंडिया आलं तेव्हा 2022 पर्यंत 40 कोटी लोकांना कौशल्य देणार असं ऐकलं होतं. अ‍ॅप्रेंटिस कायदा तर 1961 चा, तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायलाच पाहिजेत, पण घेतल्यावर खरंच शिकवतात का हे कोण तपासतं? इकडं कार्यालयात मंजूर जागा रिकाम्या, भरती नाही, त्या टेबलावर आमच्यासारख्यांना बसवायचं, मुदत संपली की घरी पाठवायचं आणि दुसरी बॅच आणायची. याला तुम्ही रोजगार म्हणता, आम्ही आमचं वय घालवतो. माझ्याबरोबरची आयटीआय झालेली पोरं पण हेच सांगतात, वेल्डिंग शिकलेला पोरगा फायलींना टॅग लावत होता.

आई विड्या वळते. परवा म्हणाली, तुला दोन वर्षं कॉलेजला आणि वर्षभर तिथं घातलं, त्यापेक्षा माझ्याजवळ बसली असतीस तर हात तरी बसला असता. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि शेवटच्या महिन्याचं विद्यावेतन अजून खात्यात आलेलं नाही, तेवढं बघा.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी, सोलापूर