जिन्याखालची अडगळ आणि मीटर बोर्ड

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
व्यवस्थापकीय समिती

विषय: मीटर बोर्डाजवळचे सामान दिवाळीआधी हलवण्याबाबत

महोदय,

बी विंगच्या जिन्याखाली, मीटर बोर्डाला अगदी खेटून, दोन जुन्या गाद्या, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचे थर्मोकोल पडले आहे. त्याच बोर्डाजवळून एक्स्टेंशन ओढून रात्रभर इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होते. सामान कुणाचे ते सगळ्यांना माहीत आहे. नाव लिहून वाद वाढवत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगाव पश्चिमेच्या एका पाच मजली इमारतीत आग तळमजल्यालाच लागली होती. तिथे कपड्यांच्या चिंध्या साठवल्या होत्या, शेजारी गाड्या उभ्या होत्या. धूर वर चढला आणि किमान सात माणसे गेली. आपला जिना एकच आहे. त्याच्या तोंडाशी काही पेटले, तर वरच्यांनी उतरायचे कुठून? गच्चीवर जावे, तर तिथे कुलूप आणि चावी वॉचमनकडे, म्हणजे खाली!

कृपया गच्चीची एक चावी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवावी. स्कूटरसाठी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र एमसीबीसह (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पॉइंट मोकळ्या जागेत काढून घ्यावा, खर्च वापरणाऱ्याने द्यावा. वाळूच्या बादल्यांत सध्या वाळू कमी आणि पानाच्या पिचकाऱ्या जास्त आहेत, त्याही भराव्यात.

2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. जुलैचा दिला असल्यास प्रत सूचना फलकावर लावावी. नसल्यास तेही सांगावे. फक्त आग विझवण्याचा सिलिंडर रंगवून तारखेचे स्टिकर बदलण्यात अर्थ नाही. निदान एकदा सगळ्यांसमोर तो चालवून दाखवा. मीटर पेटला तर पाणी मारायचे नाही, हे त्याच वेळी सांगता येईल.

घरातल्या गोष्टी ज्याच्या त्याने पाहाव्यात, पण सूचनेत दोन ओळी घालाव्यात: गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची, आणि वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद काहीच न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. गळतीसाठी 1906 आणि आगीसाठी 101 हे नंबर लिफ्टशेजारी लावावेत.

येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा. सामान उचलायला माणूस लागला तर माझा मुलगा आणि मी सकाळी मोकळे आहोत.

आपला,
एक सभासद
बी विंग, तिसरा मजला