बऱ्या दिवशी थोडं कमी कर

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई "बरी आहे गं मी" म्हणते आणि विषय गॅस सिलिंडरवर जातो. म्हणून पत्र.

काकूंकडून कळलं. रविवारी चकल्या, शंकरपाळे, वर माळाही आवरलास. आणि सोमवार ते गुरुवार फायब्रोमायल्जियाच्या अंगभर दुखण्याने अंथरुणात. आई, राग मानू नकोस, पण घोळ सोमवारी झाला नाही, रविवारीच झाला. जरा बरं वाटलं की तू साचलेलं सगळं उरकायला घेतेस आणि मग चार दिवस कूस बदलता येत नाही. फिजिओच्या मॅडम हेच तर सांगत होत्या: बऱ्या दिवशीही ठरल्याइतकंच. आठ पोळ्या करायच्या असतील तर चार झाल्या की खुर्चीत बसायचं. दुखायला लागल्यावर नाही, त्याआधीच.

बाबा, आता तुम्ही. "सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कसं?" हे आईसमोर पुन्हा म्हणू नका. आपल्या टाकीचा भोंगा आठवतोय? टाकी अर्धी रिकामी असतानाही रात्रभर कोकलायचा. तुम्ही पाइप बदललात, व्हॉल्व्ह बदललात आणि बिघाड निघाला सेन्सरमध्ये. फायब्रोमायल्जियात साधारण तसंच होतं. स्नायू-सांधे धड असतात, पण मज्जासंस्था वेदनेच्या बाबतीत फार हळवी होते. भोंगा मात्र खराच वाजत असतो. हे मनाचे खेळ नाहीत. आणि कुठे तरी वाचून आईच्या अंगावरचे ते अठरा बिंदू अंगठ्याने दाबून बघणंही थांबवा. अठरापैकी अकरा दुखायला हवेत हा निदानाचा निकष १९९० चा. २०१० च्या निकषांत बिंदू दाबणं काढूनच टाकलं.

आई, पहिल्यांदा उपचाराला गेलो तिथे तू दहा दिवस नुसतं पडून शेक आणि मशीन लावून घेतलंस, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिथे मीच नेलं होतं. शेकाने तासभर मोकळं वाटतं, खोटं नाही, जरूर घे. पण त्यावरच थांबायचं नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'यूलार' संघटनेने २०१६ मध्ये या आजारावरचे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस केली ती एकट्या व्यायामाची. (गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नकोस, हे मी तुला ओळखून लिहितेय.)

व्यायाम म्हणजे बाबांचा आयर्विन पुलापर्यंतचा फेरफटका नव्हे. सपाटीवर पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आठवडाभर तेवढंच. मग एखादं मिनिट वाढवायचं. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठ-बस. रबरी पट्टीचे व्यायाम एक दिवसाआड. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल, त्याला घाबरू नकोस. दोन दिवसांतही ओसरलं नाही तर मात्र मागच्या पायरीवर यायचं. कोमट पाण्यातला व्यायामही या दुखण्यात चांगला मानतात, पण आपल्या जवळपास तशी सोय नाही, तेव्हा अंगणच बरं. बाबा, तुम्ही सोबत चाला, पण "अजून एक फेरी" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका!

ते टेन्सचं, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून विजेचा हलका प्रवाह देणारं छोटं यंत्र कपाटात ठेवून दिलंयस ना? बाहेर काढ. अमेरिकेत ३०१ बायकांवर त्याची चाचणी झाली होती, निष्कर्ष २०२० मध्ये आले. हालचाल करताना ते लावलं तेव्हा हालचालीतलं दुखणं खरंच कमी झालं. म्हणजे ते लावून पडून राहायचं नाही, चालायचं, भाजी चिरायची. मात्र मॅडमना विचारून, त्यांनी दाखवलं त्याच जागी.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. माळ्याचा उरलेला कोपरा तसाच राहू दे, तो माझा. आणि चकल्यांचा डबा कुठे लपवलाय ते मला माहीत आहे, बाबा.

तुमची,
चिमी