आईच्या प्रश्नाचं उत्तर

टूसॉन, ॲरिझोना
९ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारलंस, "वटवाघळं पकडता, मोजता, आणि मग करता काय त्यांचं?" मी विषय बदलला. आज नीट सांगते.

सोनोरन वाळवंटात पाऊस यायला अजून महिना आहे. दुपारी पारा चाळिशीपार, म्हणून आमचा दिवस संध्याकाळी उजाडतो. गुरांच्या पाण्याच्या टाक्यावर केसासारख्या धाग्याची जाळी लावायची आणि अंधारात बसायचं. वटवाघळं उडता उडताच पाणी पितात, ती तिथेच सापडतात. दर दहा मिनिटांनी जाळी बघायची, नाहीतर जीव गुरफटून हैराण होतो.

काल हातात आली पॅलिड बॅट. सशासारखे कान, अंगाला उग्र दर्प, आणि राग असा की चामडी हातमोज्यातूनही दात जाणवले. (घाबरू नकोस, रेबीजची लस आधीच घेतली आहे.) ही बया चक्क जमिनीवर उतरून शिकार करते. विंचवाच्या पावलांची खसखस ऐकते आणि झडप घालते. इथे झाडांच्या सालीखाली राहणारा एक विंचू माणसाला इस्पितळ दाखवतो, पण त्याचं विष हिला बाधत नाही. अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवे चमकतात. पहिल्या रात्री किती चमकले ते पाहिलं आणि चपला बॅगेत गेल्या त्या गेल्याच.

सग्वारो निवडुंगाच्या फुलांवर लांब नाकाची वटवाघळं येतात, तोंडं परागांनी पिवळी झालेली. मेक्सिकोतून गाभण माद्या बाळंतपणाला इकडे येतात, म्हणजे माहेरच की! १९८८ साली ही जात अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली होती, २०१८ मध्ये बाहेर आली. ती आम्ही फक्त लांबून बघतो.

आता तुझा प्रश्न. वजन, हाताच्या हाडाची लांबी, नर की मादी, एवढं टिपून बहुतेक सगळी सोडतो. पण संग्रहालयासाठी मोजकी ठेवायचा परवाना आहे. काल एक ठेवलं. कॅन्यन बॅट, उजेड असतानाच बाहेर पडणारी, वजन ४ ग्रॅम. चमचाभर साखर. कातडं सोलून कापूस भरला, कवटी वेगळी केली, पायाला चिठ्ठी बांधली: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. माझं. शंभर वर्षांनी इथे काय उडत होतं, याचा तो पुरावा असेल, हे मला पटतं. तरी चिठ्ठी दोनदा लिहावी लागली, पहिलीवर अक्षर फार हललं.

आजीला मात्र सगळी सोडतो असंच सांग.

तुझी,
धाकटी