विषय : वर्कशॉपमध्ये थंड, घाटात उकळणारी पद्मिनी आणि तुमचे 26,550 रुपयांचे बिल

व्यवस्थापक,
जुन्या गाड्यांचा विभाग

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोललो. पाचव्यांदा बोलायची ताकद नाही, म्हणून लिहितो आहे.

गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी. बाकी सगळं तुमच्या जॉबकार्डवर आहे. गाडी तुमच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये नऊ दिवस होती. सोडताना मी एकच ओळ लिहून दिली होती : "गावात ठीक चालते, घाट चढताना काटा लाल पट्ट्यात जातो." उभ्या उभ्या तापली तर पंखा, बेल्ट, हवा बघायची, जोर लावल्यावर तापली तर पाणी कुठे अडतंय ते बघायचं. हे तुम्हाला मी सांगायला नको, धंदा तुमचा आहे. पण तुमच्या माणसांनी गाडी शेडमध्ये अर्धा तास नुसती चालू ठेवली आणि "काटा मध्यावर आहे, ओके" असा शेरा मारला. अहो, तो मध्यावर असतो हे मीच लिहून दिलं होतं!

मग बदलाबदली. रेडिएटर 14,500, वॉटर पंप 3,800, थर्मोस्टॅट 1,150, होस पाइपचा सेट 1,600, मजुरी 5,500. जुने भाग मी भांडून परत घेतले. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, घरी पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवला; पाणी 85 अंशांच्या आसपास गेलं तसा व्यवस्थित उघडला. म्हणजे चांगला भाग काढून नवीन बसवला. ते पातेलं दुधाचं होतं, त्यावरून घरात जे ऐकून घ्यावं लागलं त्याचं बिल वेगळं पाठवीन.

साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटात, निम्म्यातच, बोनेटमधून वाफ. ट्रकवाले हॉर्न मारत बाजूने जात होते. तासभर गाडी निवू दिली, फडकं धरून झाकण सोडलं, पाणी भरलं, कशीबशी माथ्यावर नेली. तिथून तुम्हाला फोन लावला. तो फोन 34 मिनिटं चालला. त्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

पहिल्या मुलीने गाडीचा सतरा अंकी नंबर मागितला. म्हटलं, बाई, या गाडीच्या चेसिस नंबरात सतरा अंकच नाहीत. "सर, सतरा भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." शेवटी तिने मागे शून्यं लावली. मग विचारलं, "स्कॅनर लावल्यावर एरर कोड काय येतोय?" मी सांगितलं, गाडीला कॉम्प्युटर नाही, कार्बोरेटर आहे, पॉइंटचा डिस्ट्रिब्यूटर आहे, आणि सध्या समोर वाफ आहे. "मग तक्रार कोणत्या कोडखाली घेऊ, सर?" तिचा दोष नाही, तिच्यापुढे जे ठेवलंय ते ती वाचणार. पण मग तिने "सीनियर"ना फोन दिला. हे सीनियर तुमचे टेक्निकल सल्लागार आहेत म्हणे. त्यांचं पहिलं वाक्य असं : "काका, चाळीस वर्षांची गाडी आहे, तापणारच. या वयात तुम्हाला नाही का ताप येत?"

आणि हसले. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, घाटात उभा आहे, हाताला वाफेचा चटका बसलाय आणि तुमचा सल्लागार हसतोय. मी विचारलं, होस पाइप कोणते बदलले? तर म्हणाले, "सेट बदललाय काका, बिलात आहे ना." आणि फोन ठेवला. हो, त्यांनी ठेवला.

घाट उतरून सुरूर फाट्यावर एका मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, ना बोर्ड ना स्कॅनर. त्यांनी एकच विचारलं, "उभी तापते का चढाला?" मग मला आत बसवून रेस द्यायला लावली आणि स्वतः वाकून बघत राहिले. "साहेब, पाय तसाच ठेवा." उतरून बघितलं तर रेडिएटरचा खालचा पाइप चपटा! पंप जोरात पाणी ओढायला लागला की जुनं, मऊ पडलेलं रबर आत ओढलं जायचं आणि पाणी बंद. पाय काढला की पुन्हा गोल. पाइप काढला तर आतल्या तारेच्या स्प्रिंगचा नुसता गंज हातात आला. हा पाइप तुम्ही बदललेलाच नाही. वरचा नवा, खालचा जुनाच. मराठीत सेट म्हणजे दोन. तुमच्याकडे किती, ते कळवा.

मिस्त्रींनी जाड पाइप मापाला कापून बसवला, 450 रुपये घेतले, वर चहा पाजला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम तोच घाट पुन्हा चढलो. काटा मध्यावरून हलला नाही.

पंधरा दिवसांत 26,550 रुपये परत हवेत. निदान करायच्या आधी बदललेल्या भागांचे पैसे मी देणार नाही, आणि न बदललेल्या पाइपचे तर मुळीच नाही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने तक्रार आता ग्राहक राहतो तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. तारखांना पुण्याहून साताऱ्याला तुम्हाला यावं लागेल. घाट तोच आहे.

वाईट याचं वाटतं, की जुन्या गाड्या कळणारी माणसं उरली आहेत असं समजून मी तुमच्याकडे आलो होतो. चार जणांना तुमचं नाव सुचवलं होतं. त्या चौघांनाही फोन केले आहेत.

एक ग्राहक, सातारा

सोबत : बिलाची प्रत, जॉबकार्डची प्रत, चपट्या पाइपचे दोन फोटो.

ता. क. पाइप माझ्याकडे जपून ठेवला आहे. बघायला कोणी येणार असेल तर त्या सीनियरनाच पाठवा. ताप आता उतरला आहे.