'डेथ पॅनल' या एका शब्दाने माझे बाबा गप्प झाले : अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते. आईबाबांना पुण्याहून इकडे आणून बरीच वर्षं झाली. पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण मरणाबद्दल आमच्या घरात इंग्रजीत कुणाला बोलता येत नाही आणि मराठीत कुणी बोलत नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे टीव्ही दिवसभर चालू असायचा. ओबामांच्या आरोग्य बिलात कलम १२३३ होतं, आणि त्यात म्हटलं होतं इतकंच की शेवटच्या काळात कुठले उपचार हवेत, कुठले नकोत हे पेशंटला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर साधारण पाच वर्षांतून एकदा त्या भेटीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, देईल, सक्ती काहीच नाही. पण ७ ऑगस्टला रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनल' हा शब्द लिहिला, म्हणजे कुणाला उपचार द्यायचे आणि कुणाला मरू द्यायचं हे ठरवणारी सरकारी समिती, पाच दिवसांनी आयोवात रिपब्लिकन सिनेटर ग्रासली म्हणाले की आजीचा प्लग काढायचा का हे ठरवणारा सरकारी प्रोग्रॅम नको, आणि २००३ च्या ज्या मेडिकेअर कायद्याला त्यांनी स्वतः मत दिलं होतं त्यात तर मरणाच्या दारातल्या पेशंटसाठी असा सल्ला आधीच होता! त्यांच्याच पक्षाचे सिनेटर आयझॅक्सन या 'डेथ पॅनल'च्या गोष्टीला वेडेपणा म्हणाले, पण ऐकतंय कोण.

लोक का घाबरले ते मला कळतं. खर्च कमी करायचा म्हणून आणलेल्या बिलात म्हाताऱ्यांशी मरणाचं बोलायचं, भीती वाटणारच. राग मला डेमोक्रॅट्सचाही आहे, लोकांना बसून समजवायचं सोडून त्यांनी ते कलमच टाकून दिलं. २०१० चा कायदा त्याच्याशिवाय झाला, जानेवारी २०११ मध्ये याच भेटीचे पैसे देणारा सरकारी नियम आला आणि काही दिवसांतच मागे घेतला, मेडिकेअरने पैसे द्यायला सुरुवात केली ती थेट १ जानेवारी २०१६ ला.

तोपर्यंत तो शब्द बाबांच्या डोक्यात पक्का बसला होता. २०१७ मध्ये डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विषय काढला तर बाबा खुर्चीतून उठलेच, मला म्हणाले, "हे तेच, म्हाताऱ्यांना मारायचं पॅनल, चल घरी." दोन वर्षांनी स्ट्रोक आला. आयसीयूत रात्री अडीचला एका तरुण डॉक्टरने विचारलं, फुल कोड ठेवायचं का, आणि मला त्याचा अर्थ (हृदय थांबलं तर वाचवायचे सगळे प्रयत्न करायचे) नीट कळला नाही तरी मी हो म्हटलं. १९ दिवस व्हेंटिलेटर. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणायचा काढू नका, धाकटी बहीण म्हणायची किती हाल करताय त्यांचे, आणि आई काहीच बोलायची नाही. बाबांना काय हवं होतं हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. भाऊ आणि बहीण अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

साहेब, आता शेवटच्या उपचारांबद्दल बोलायची ही भेट वर्षाच्या वेलनेस व्हिजिटमध्ये (तब्येतीच्या वार्षिक तपासणीत) झाली तर फुकट असते, पण वेगळी घेतली तर वीस टक्के पेशंटच्या खिशातून जातात. ती वेगळी घेतली तरी फुकट करा. वेलनेस व्हिजिटच्या घाईत, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या मधे कुणी आपल्या मरणाचं बोलतं का? आणि दुभाष्याचा खर्च डॉक्टरांवर ढकलू नका, मेडिकेअरने द्या.

कारण पुढच्या महिन्यात आईची अशी भेट आहे. ती तयार आहे, तिनेच मला सांगितलं, मला बोलायचंय. तिला इंग्रजी जेमतेम येतं. क्लिनिकमधल्या बाई म्हणाल्या, मुलगी आहे ना सोबत, ती सांगेल. "मला नळ्या लावू नका" हे आईने माझ्यासमोर मराठीत म्हणायचं आणि ते मी माझ्या तोंडाने इंग्रजीत डॉक्टरांना सांगायचं, हे माझ्याच्याने होणार नाही साहेब. आणि आईला ते माहीत आहे, म्हणून ती माझ्यासमोर ते बोलणारही नाही.

आपली,
मेडिकेअरवर असलेल्या एका आईची मुलगी