शेवटच्या बाकावरच्या काकांना

काका,

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर तुम्हाला शोधत फाटकापर्यंत आले, तोवर तुम्ही सदाशिव पेठेची बस पकडलीसुद्धा होती. म्हणून हे लिहिते.

दोन वर्षं माझा उपदेश सुरू झाला की मंडळी घड्याळाकडे बघायची. मदत मागायला गेले, तर एकांनी ‘प्रार्थना कमी पडते तुझी’ म्हणून सुनावलं. दुसऱ्यांनी जाडजूड नोट्स दिल्या. सात-सात मुद्द्यांची खोड त्यातूनच लागली. ऐकायला मात्र कुणी बसलं नाही.

तुम्ही बसलात. देवळांत कीर्तनं करण्यात आयुष्य गेलेला माणूस बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायावरचा माझा उपदेश ऐकायला खडखडणारा पंखा बंद करून बसला. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, उधळ्या पुत्र, सगळं मी एकात कोंबलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘अगं, ही तीन कीर्तनं झाली. सुरुवातीच्या पूर्वरंगात एकच पद धर, त्याचंच निरूपण कर. मग गोष्टीचं आख्यान लाव. आणि आख्यानात पुन्हा शिकवत बसू नकोस.’ ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची पदं गाणारे आम्ही, आणि उपदेशाला उभं राहिलं की कारकुनी सुरू!

उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावावर आलो. धाकटा परतल्याचा सोहळा बघून तो रागावून बाहेर उभा, बाप समजूत काढतोय. तुम्ही विचारलंत, ‘मग गेला का आत?’ म्हटलं, लूकनं लिहिलेलं नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणालात, ‘मग तूही सांगू नकोस.’

पण मनात घर करून बसलंय ते वेगळंच. रविवारी तुम्ही सवयीनं दाराशी चपला काढल्यात (आम्ही सगळे बूट घालून!) आणि शेवटच्या बाकावर बसलात. तिसऱ्याच मिनिटाला माझी धांदल उडाली, वाक्यं पळायला लागली. वर पाहिलं, तर तुमचा हात मांडीवर संथ ताल धरून होता. माझा श्वास ठिकाणावर आला. मंडळीत कुणाला पत्ताही नाही.

परक्याच्या देवघरात इतकं सहज येऊन, गाजावाजा न करता सांभाळून घेणारी माणसं पुण्यात आहेत. पाट्या त्यांच्या नसतात, एवढंच.

शेवट तुम्ही म्हणालात तसाच ठेवला. बाप अंगणात, मुलगा गप्प. मी खाली बसले, तरी पेटीवाले दादा पुढचं गीत सुरू करायचं विसरले होते.

पुढच्या महिन्यात बायबलमधल्या योनाच्या पुस्तकावर बोलायचंय. ते पुस्तकही प्रश्नावरच संपतं. कधी येऊ?

तुमची,
सात मुद्देवाली