समासातले एक मराठी वाक्य

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील इंग्रजी साहित्याचे दोन्ही पेपर देऊन मी परवा रात्री घरी परतलो. सकाळी तीन तास आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा तीन तास लिहिल्यामुळे उजव्या हाताचे मधले बोट अजून ठणकते आहे, आणि निकालाला तर बराच अवकाश आहे. तरीही हे पत्र मी आजच लिहीत आहे, कारण निकालानंतर मानलेल्या आभारांत हिशेब शिरतो. यश आले तर ते आभार शोभेचे होतात, आणि अपयश आले तर मानायला तोंड उरत नाही. हे पत्र चारचौघांनी वाचावे अशीही माझी इच्छा आहे, कारण ज्या गोष्टीसाठी माझा पाणउतारा झाला तो चारचौघांतच झाला होता.

हा विषय ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात. इंग्रजी साहित्य घेतले, तर पहिल्या पेपरला १६०० ते १९०० या काळातील आणि दुसऱ्याला १९०० ते १९९० या काळातील साहित्य असते. ‘किंग लिअर’पासून ‘वेटिंग फॉर गोदो’पर्यंत आणि मिल्टनपासून ए. के. रामानुजन यांच्यापर्यंत यादी नेमून दिलेली आहे, त्यामुळे पुस्तके ओळखीची असतात. प्रश्न मात्र ओळखीचा नसतो. शिवाय कधीही न वाचलेल्या गद्याचे व पद्याचे समीक्षण करावे लागते, ज्याला आम्ही मुले नुसते ‘अनसीन’ म्हणतो, आणि उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वाक्यात आयोगाने म्हटले आहे की, नेमलेल्या कलाकृती उमेदवाराने स्वतः आणि चिकित्सकपणे वाचल्या आहेत की नाहीत हे या पेपरांतून तपासले जाईल. हे वाक्य मी तीन वर्षांत अनेकदा पाहिले होते, पण त्यातल्या ‘स्वतः’चा अर्थ आपल्या घरी येईपर्यंत मला कुणी सांगितला नव्हता.

पदवीला असताना आमच्या सरांनी तीन वर्षे नोट्स उतरवून दिल्या. फळ्याकडे तोंड करून ते वाचत आणि आम्ही मान खाली घालून लिहीत असू; मूळ पुस्तक वर्गात आल्याचे मला आठवत नाही. पुढे दिल्लीला राजेंद्रनगरमध्ये एका नावाजलेल्या क्लासला गेलो, तिथे हेच काम चकचकीत कागदावर होत होते. प्रत्येक कलाकृतीचे पाच-सहा ‘संभाव्य प्रश्न’, त्यांची छापील उत्तरे आणि प्रत्येक उत्तरात पेरायची समीक्षकांची अवतरणे, असा सगळा सरंजाम. परीक्षेत प्रश्न वेगळा आला तर काय करायचे, असे मी एकदा विचारले तेव्हा, ‘सुरुवात आणि शेवट बदलायचा, मधला भाग तोच ठेवायचा,’ असे उत्तर मिळाले. गाईचा निबंध पाठ केलेल्या मुलाला झाडावर निबंध आला, तेव्हा त्याने गाय झाडाला बांधली आणि पुढे गाईचाच निबंध लिहिला, ही गोष्ट आपण लहानपणी हसण्यासाठी ऐकतो. मी ती शिकण्यासाठी फी भरत होतो. त्याच वर्गात एकदा एका कवितेविषयी बोलताना शब्द अडला म्हणून मी अर्धे वाक्य मराठीत बोललो, तर शिकवणाऱ्याने हात जोडून, ‘हा विषय तुझ्यासाठी नाही,’ असे सर्वांसमोर सांगितले. पहिल्या प्रयत्नात मी तीच छापील उत्तरे लिहिली. गुण किती पडले ते आपल्याला माहीत आहे, इथे सांगत नाही.

गावी परतल्यावर वाचनालयातल्या काकांनी आपला पत्ता दिला, आणि निवृत्त झालेल्या बाईंना कशाला त्रास द्यायचा, असे म्हणत मी पंधरा दिवस तो खिशात घेऊन फिरलो. पहिल्या दिवशी मी माझी जाडजूड फाइल पुढे ठेवली. आपण ती न उघडता कपाटावर ठेवलीत आणि ती आजही तिथेच आहे. मग आपण जुन्या प्रश्नपत्रिका आणि कात्री घेऊन बसलात. एकेक प्रश्न कापून, चार घड्या घालून, शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकलात आणि झाकण लावून डबा खदखदा हलवलात. पुढचे सात महिने दर गुरुवारी आणि रविवारी मी त्या डब्यातून एक चिठ्ठी काढत होतो. दहा मिनिटे पेन हातात घ्यायचे नाही, हा आपला नियम होता आणि तो मला सर्वांत जड गेला, कारण माझा हात प्रश्न वाचून होण्याआधीच लिहू लागत असे. प्रश्नातला कोणता शब्द टोचतो, असे आपण विचारायचात. ‘कितपत’ असा शब्द असेल तर ‘होय’ हे उत्तर नव्हे आणि ‘नाही’ हेही नव्हे; किती आणि कुठपर्यंत, ते सांगावे लागते. ‘ग्रेट’ आणि ‘ब्यूटिफुल’ या दोन शब्दांना आपल्या घरात बंदी होती. (चहातल्या साखरेवरही जवळजवळ बंदीच होती, पण आभारपत्रात तो विषय नको.)

मला ज्या गोष्टीसाठी मुख्यतः आभार मानायचे आहेत ती मात्र यांपैकी कोणतीच नाही. ती अर्ध्या मिनिटात घडली आणि कदाचित आपल्या लक्षातही नसेल.

त्या रविवारी वर्ड्‌स्वर्थची ‘मायकेल’ वाचायला काढली होती. १८०० साली छापलेली, पाचशेच्या आसपास ओळींची ही कविता मी क्लासच्या सारांशातून दोनदा ‘केलेली’ होती आणि एकदाही वाचलेली नव्हती. डोंगराच्या कुशीत राहणारा म्हातारा मेंढपाळ, त्याची बायको आणि उतारवयात झालेला एकुलता मुलगा ल्यूक. म्हातारा पुतण्याला जामीन राहिलेला असतो, पुतण्या बुडतो, आणि पिढीजात जमिनीचा तुकडा विकण्यापेक्षा मुलाने शहरात जाऊन कमवावे असे ठरते. मुलगा निघण्याआधी बाप त्याला ओढ्याकाठी नेतो आणि बांधायच्या मेंढवाड्याचा पहिला दगड त्याच्या हातून ठेवून घेतो. मुलगा शहरात बिघडतो, परागंदा होतो. म्हातारा पुढे सात वर्षे अधूनमधून त्या वाड्यावर काम करत राहतो आणि वाडा अपुरा ठेवूनच मरतो. काही वेळा तर तो तिथे दिवसभर जाऊन एकही दगड न उचलता परत आला, असे आसपासचे लोक सांगत.

माझे वडील चुलतभावाच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिले होते, हे मी आपल्याला त्याआधी सांगितलेले नव्हते. दोन एकर त्यात गेले आणि उरलेल्यावर मी दिल्लीला गेलो. ती कविता मोठ्याने वाचता वाचता माझा आवाज बसला आणि मी थांबलो. आपण काही विचारले नाहीत. थोड्या वेळाने फक्त म्हणालात, ‘काय वाटलं ते सांग. मराठीत सांग. इंग्रजी मागाहून येईल, आधी म्हणायचं काय ते ठरू दे.’ आणि मी, दिल्लीतल्या त्या वर्गानंतर प्रथमच, एका इंग्रजी कवितेबद्दल पूर्ण वाक्य मराठीत बोललो : ‘मॅडम, पोरगा शहरात बिघडला हे एवढ्या मोठ्या कवितेत पाच-सहा ओळींत उरकलंय, कारण बापानं शहर पाहिलेलंच नाही, जे बापाला दिसलं नाही, ते कवितापण दाखवत नाही.’

आपण चष्मा वर केलात, म्हणालात, ‘पुन्हा सांग. सावकाश.’ मी पुन्हा सांगितले. आणि आपण पेन्सिल घेऊन ते वाक्य स्वतःच्या पुस्तकाच्या समासात लिहून घेतलेत. ते आपल्या विद्यार्थिदशेपासूनचे, खाकी कव्हर घातलेले, बारीक इंग्रजी अक्षरांनी कडेकडेने भरलेले पुस्तक. त्या अक्षरांखाली आपण माझे वाक्य मराठीतच लिहिलेत, पुढे माझे नाव आणि तारीख घातलीत, आणि ‘शाबास’ वगैरे काही न म्हणता ‘हं, पुढं वाच’ म्हणालात. चौतीस वर्षे ही कविता शिकवलेल्या बाईंनी माझे वाक्य त्यांना हवे होते म्हणून उतरवून घेतले, माझे समाधान व्हावे म्हणून नव्हे, हे मला त्या ‘पुढं वाच’मुळे कळले. तोपर्यंत इतरांची वाक्ये मी उतरवून घेत आलो होतो. माझे वाक्य कुणी उतरवून घ्यावे असे काही माझ्याकडे असू शकते, हे मला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हते.

मी परत निघालो तेव्हा आपण केंब्रिजला शिकवणारे समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांची हकीकत सांगितलीत. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्याकडून आलेले अभिप्राय १९२९ साली पुस्तकरूपाने मांडले. नाव झाकले की केंब्रिजची हुशार मुलेही कशी चाचपडतात, कवितेतला साधा अर्थ चुकवतात आणि मनात आधीपासून तयार असलेल्या भावना तिच्यावर चिकटवतात, ते त्यात दिसते. ‘तेव्हा अनसीनला घाबरतोस तो काही मराठी माध्यमामुळं नव्हे,’ असे आपण पायरीवर उभ्या राहून म्हणालात. त्यानंतर इंग्रजी काही आपोआप सुधारले नाही. माझी वाक्ये आपण निर्दयपणे तोडलीत, एक उत्तर चार वेळा लिहायला लावलेत, आणि डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीवरच्या उत्तरात मी जुन्या सवयीने एका समीक्षकाचे अवतरण पेरले, तेव्हा त्यातल्या बिट्झर या शाळकरी मुलाचीच आठवण करून दिलीत. घोड्याला दात किती हे त्याला तोंडपाठ असते, आणि सर्कशीत घोड्यांमध्ये वाढलेल्या सिसीला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही म्हणून तिला काहीच येत नाही असे वर्गात ठरवतात. ‘तू कुठं बसणार ते ठरव,’ म्हणालात. मी हसलो, पण ते अवतरण खोडले.

पेपरात काय आले आणि मी कोणते प्रश्न सोडवले ते इथे लिहीत नाही. अनसीन कवितेचा कवी कोण ते मला आजही ठाऊक नाही. पहिली दोन मिनिटे छातीत धडधडले, शेजारच्या बाकावरचे पेन चालू झालेले ऐकू आले आणि माझाही हात शिवशिवला. मग शंकरपाळ्यांचा डबा आठवला. पेन खाली ठेवले. कविता तीनदा वाचली, तिच्याबद्दल मनातल्या मनात मराठीत एक वाक्य जुळवले, आणि ते ‘पुन्हा, सावकाश’ स्वतःलाच सांगून पाहिले. ते टिकले, तेव्हा इंग्रजीत लिहायला घेतले.

मॅडम, आपण माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, याचे लोकांना मोठे अप्रूप वाटते. मला ते दुय्यम वाटते, कारण फुकट शिकवून माणसाला लहान वाटायला लावणारेही मी पाहिले आहेत आणि भरपूर फी घेऊन मनापासून शिकवणारेही असतील. समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे, ते आपल्या कामाचे असू शकते असे धरून ऐकणे, आणि तसे निघाल्यास ते त्याच्या नावावर जमा करणे, एवढे सौजन्य आमच्या वाट्याला शाळेत, कचेरीत, बँकेच्या खिडकीवर फार क्वचित येते. गावाकडची मुले शहरात गप्प असतात ती लाजाळू असतात म्हणून, असे समजले जाते. त्यांचे अर्धे वाक्य कुणीतरी आधी तोडलेले असते. मला हात जोडणाऱ्या त्या गृहस्थांवर माझा राग आता फारसा उरलेला नाही, पण ते वाक्य त्यांनी पुरे होऊ दिले असते, तर माझी दोन वर्षे आणि वडिलांचे बरेच पैसे वाचले असते, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

वडिलांना परवा मी ‘मायकेल’ची गोष्ट मराठीत सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि ‘वाडा मग कुणी पुरा केला?’ एवढेच विचारले. मी कुणीच नाही म्हणालो. यावर काय म्हणायचे ते आपल्याला विचारणार आहे.

डब्यात अजून एकोणीस चिठ्ठ्या उरल्या आहेत, त्या टाकून देऊ नयेत. वाचनालयातल्या काकांची पुतणी यंदा इंग्रजी घेऊन एम. ए.ला बसते आहे आणि तिला आपला पत्ता मी दिला आहे. तीही तो पंधरा दिवस खिशात घेऊन फिरेल, म्हणून येत्या गुरुवारी मीच तिला घेऊन येतो. साखर आम्ही घरून आणू.

आपला विद्यार्थी